खेडं बरं की शहर? दहापैकी चार

आठवीत मराठीच्या बाई रजेवर होत्या म्हणून निबंधाच्या वह्या इंग्लिशच्या सरांकडे गेल्या, विषय नेहमीचाच, 'खेडे बरे की शहर'. मी पण सगळ्यांसारखंच ठोकून दिलेलं, खेड्यात शुद्ध हवा, ताजं दूध, माणुसकी, शहरात नुसता धूर आणि गर्दी. दहापैकी चार मिळाले आणि खाली लाल पेनने लिहिलेलं, "वडील काय करतात?" वडील रोज सायकल मारत इचलकरंजीला मागावर जायचे, रात्री भुवया पांढऱ्या करून यायचे, आणि माझ्या निबंधात त्यांचा पत्ताच नव्हता.

मग ऑफ तासाला सर सुरू झाले. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणता ना, मग इंग्लंडमधलं मूळ मँचेस्टर, कापडगिरण्यांचं शहर, काय होतं ते ऐका. १८५४ साली इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सने आपल्याच साप्ताहिकात 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी छापली, त्यातलं कोकटाउन हे काल्पनिक गिरणगाव म्हणजे धुराने काळ्या पडलेल्या लाल विटा, रंगाच्या पाण्याने जांभळी झालेली नदी, आणि वाफेच्या इंजिनाचा दांडा दिवसभर वरखाली, वेड लागलेल्या उदास हत्तीने डोकं हलवावं तसा. सर टेबलाजवळ उभं राहून तो हत्ती करून दाखवायचे, आम्ही हसून लोळायचो.

ती संपली आणि लगेच त्याच साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' आली. ही बाई स्वतः मँचेस्टरमध्ये राहणारी, कादंबरीत गावाचं नाव फक्त मिल्टन केलंय. दक्षिणेतल्या खेड्यातून आलेली मार्गारेट आपलं गाव म्हणजे कवितेतलं गाव असं सांगत असते (माझा निबंधच!), आणि पुढे परत जाऊन बघते तर तिथल्या एका बाईने, जिप्सी बाईने नेलेले नवऱ्याचे कपडे परत मिळावेत म्हणून, अंधश्रद्धेपोटी शेजारणीचं मांजर चोरून जिवंत भाजलेलं. वर्गात एकदम शांतता.

थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाचं सरांनी थोडक्यातच उरकलं, पण त्याच्या 'टेस' कादंबरीतला एक प्रसंग माझ्या डोक्यातून अजून जात नाही. टेस आणि एंजल पावसात गाडीतून दुधाचे कॅन स्टेशनवर पोचवतात आणि ती म्हणते, उद्या सकाळी लंडनचे लोक हे दूध पितील, आपण कोण, कुठून आलो, त्यांना काहीच माहीत नसणार. मला वाटतं खेडं-शहर यावर याच्यापुढे निबंध लिहायची गरजच नाही, पण परीक्षेत कोण ऐकतंय.

घरी मात्र मी सांगितली बेसीची गोष्ट. मिल्टनमधली मार्गारेटच्याच वयाची मुलगी, कापूस पिंजायच्या खात्यात काम करून छातीत तूस बसलेली, खोकून खोकून मरते. धूळ बाहेर ओढणारं एक मोठं चाक बसवता येत होतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड लागायचे आणि त्यातून फायदा शून्य, म्हणून मालक टाळायचे. आणि काही कामगारांनाच ते चाक नको होतं, कारण तूस गिळायची सवय झाल्यावर तूस पोटात गेलं नाही की भूक जास्त लागायची.

वडील जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, "हे त्या बाईला कुणी सांगितलं?"

"कादंबरी आहे ती, बाबा."

"असू दे की. पण मागावरच्या माणसानंच सांगितलं असणार."