वाटपाच्या दाव्यात न्यायनिवाडा जोडण्याआधी

बहिणीने वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा मागितला की प्रतिवादी भावांकडून अजूनही ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ जोडला जातो. जुना मसुदा कॉपी-पेस्ट केल्याचा हा परिणाम. ऑक्टोबर २०१५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात हवेत, तरच मुलगी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क असलेली हिस्सेदार. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘दानम्मा’ प्रकरणात दोनच न्यायमूर्तींनी, वडील २००१ मध्ये वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. दोन्ही पीठं सारख्या संख्येची, त्यामुळे खालच्या कोर्टांची पंचाईत. ११ ऑगस्ट २०२० ला ‘विनीता शर्मा’ प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. फुलवतीतलं मत तिथेच रद्द झालं.

म्हणून निकाल हाती आला की आधी पीठ किती जणांचं ते बघा, मग तारीख. अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे, पण लहान पीठ मोठ्या पीठाचा निकाल फिरवू शकत नाही. सारख्या संख्येच्या पीठाला तो पटला नाही, तर प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवावं लागतं. नवा तोच खरा, हेही गृहीत धरू नका. अपघात भरपाईत ‘राजेश विरुद्ध राजबीर सिंग’ने आधीच्या, तीनच न्यायमूर्तींच्या ‘रेश्मा कुमारी’ निकालाची दखल घेतली नव्हती, म्हणून २०१७ मध्ये ‘प्रणय सेठी’त पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ‘राजेश’ हा बंधनकारक दाखला नाही.

खरी गफलत मात्र हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, तेवढाच वाचून होते. ‘विनीता शर्मा’ म्हणजे मुलींना सरसकट हिस्सा, असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप त्यातही अबाधित आहे. तोंडी वाटपाचा बचाव निव्वळ तोंडी पुराव्यावर टिकत नाही. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर अपवादात्मक प्रकरणात तो मान्य होऊ शकतो. युक्तिवादात उतारा देताना नेमका ‘अपवादात्मक’ हा शब्द गळतो आणि समोरचा वकील तोच परिच्छेद पूर्ण वाचून दाखवतो. तेव्हा हेडनोटची झेरॉक्स नको. कोर्टाच्या संकेतस्थळावरून पूर्ण निकाल काढा, ज्यावर भिस्त आहे ते परिच्छेद खुणेने दाखवा आणि शेजारी आपल्या दाव्यातल्या तारखा लिहा: वडिलांचा मृत्यू, वाटपाचा दस्त, त्याची नोंदणी. निकालातल्या आणि आपल्या तारखांमध्ये फरक असेल, तर तो आपणच आधी सांगितलेला बरा.

गोव्यातल्या वाचकांसाठी: उच्च न्यायालय मुंबईचंच असलं तरी तिथला वारसा कायदा वेगळा आहे, ‘विनीता शर्मा’चा निकाल तिथे जोडून उपयोग नाही.

आणि एखाद्या निकालाविरुद्ध पुनर्विलोकन अर्ज (त्याच कोर्टाने निकाल पुन्हा तपासावा म्हणून केलेला अर्ज) प्रलंबित आहे किंवा तो मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, एवढ्यावर खालच्या कोर्टाला तो बाजूला ठेवता येत नाही. बदलेपर्यंत तोच कायदा.