तुम्ही विचारलंत म्हणून: ईश्वर नाही, तर जग केले कोणी?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या बौद्धवाड्यांतून वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. त्या दिवसांत मला हमखास एक प्रश्न विचारला जातो: तुमच्या धम्मात ईश्वर नाही, तर मग हे जग केले कोणी, आणि पहिला माणूस आला कुठून? विचारणारे कधी वाडीतले तरुण असतात, तर कधी गणपतीला मुंबईहून आलेले शेजारचे चाकरमानी. सर्वांना मी जे थोडक्यात सांगतो, ते येथे जरा सविस्तर लिहितो.

जगाच्या आरंभाचे टोक सापडत नाही, हे बुद्धांचे पहिले सांगणे. संयुत्त निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात ते एक योजन (म्हणजे काही कोस) लांब, रुंद आणि उंच अशा अखंड खडकाच्या डोंगराचे उदाहरण देतात. शंभर वर्षांतून एकदा काशीच्या तलम वस्त्राने तो पुसला, तर डोंगर झिजून संपेल, पण कल्प, म्हणजे जग घडण्या-मोडण्याचा एक फेरा, संपणार नाही, आणि असे कितीतरी कल्प होऊन गेले आहेत. जग शाश्वत की अशाश्वत, हे सांगितल्याशिवाय भिक्खू म्हणून राहणार नाही, असा हट्ट मालुंक्यपुत्ताने धरला, तेव्हा दुःख संपवण्याच्या कामी ते येत नाही म्हणून बुद्धांनी उत्तर देण्याचेच नाकारले.

निर्मात्याच्या कल्पनेबद्दल मात्र ते गप्प बसलेले नाहीत. दीघ निकाय या दुसऱ्या संग्रहातल्या पहिल्याच सुत्तात (उपदेशात), ब्रह्मजालसुत्तात, ती कल्पना कशी उपजली असावी याचा खुलासा आहे. जग पुन्हा उलगडू लागते, तेव्हा रिकाम्या ब्रह्मविमानात, म्हणजे ब्रह्मलोकीच्या निवासात, एक सत्त्व (जीव) सर्वांआधी जन्मते आणि एकटेपणाला कंटाळून आणखी कोणी यावे अशी इच्छा करते. इतर सत्त्वे आपापले आयुष्य सरल्यामुळे तेथे येतातच. पण पहिल्याला वाटते की आपल्या इच्छेने आली, आणि आलेल्यांना वाटते की हा आपल्याआधी होता, म्हणजे यानेच आपल्याला निर्माण केले. कोणाचीही लबाडी नाही, नुसता गैरसमज; इतके सौम्य आणि इतके खट्याळ खंडन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता माणसाविषयी. दीघ निकायातले सत्ताविसावे सुत्त, अग्गञ्ञसुत्त, हे वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मणकुळांतून संघात येऊ पाहणाऱ्या दोघांना सांगितलेले आहे. ब्राह्मण हेच ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले, आणि तुम्ही ते श्रेष्ठ कुळ सोडून हलक्यांत गेलात, असे त्यांचे जातभाई त्यांना हिणवत होते. बुद्धांनी प्रथम एवढेच म्हटले की ब्राह्मणांच्या बायका ऋतुमती होताना, गरोदर राहताना, बाळंत होताना आणि मुलांना अंगावर पाजताना सर्वांना दिसतात. त्यानंतर त्यांनी जगाची कथा सांगितली.

सर्वत्र पाणी आणि अंधार होता, चंद्र-सूर्य नव्हते. सत्त्वे स्वयंप्रकाशी होती, आनंदावर जगत होती आणि आकाशात विहरत होती. तापवलेले दूध निवताना त्यावर साय धरावी, तशी पाण्यावर गोड रसपृथ्वी पसरली. एका हावऱ्याने बोट बुडवून ती चाखली, बाकीच्यांनी त्याचे पाहून घास घेतले, तसा त्यांचा प्रकाश मावळला आणि सूर्य, चंद्र, दिवस-रात्र अस्तित्वात आले. देह जड झाले, कोणी देखणे तर कोणी कुरूप दिसू लागले, आणि रूपाचा गर्व होताच ती पृथ्वी नाहीशी झाली. मग अळंबीसारखे काही उगवले, मग वेल, आणि शेवटी तांदूळ: न नांगरता पिकणारा, तूस-कोंडा नसलेला, संध्याकाळी नेला तर सकाळी पुन्हा तयार. राब भाजण्यापासून मळणीपर्यंत ज्यांची हाडे झिजली, त्या आमच्या म्हाताऱ्या बाया हे ऐकताना एकमेकींकडे पाहून हसतात.

पुढे एकाला रोज दोन वेळा जाण्याचा कंटाळा आला आणि त्याने दोन्ही वेळांचा तांदूळ एकदम आणला. ते पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, आणखी एकाने चार, आणखी एकाने आठ. साठवण सुरू झाली, तसे तांदळाला तूस आले आणि कापलेले पुन्हा उगवेना. तेव्हा त्यांनी शेते वाटून बांध घातले. बांध पडले आणि लगेच एकाने स्वतःचा वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. चोरी, निंदा, खोटे बोलणे आणि दंड ही सुत्तात याच क्रमाने येतात. बांध कोरून हातभर जमीन ओढण्यापायी सख्ख्या भावांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्या आमच्या मुलखात या भागाला भाष्याची गरज पडत नाही.

काही उत्साही मंडळी म्हणतात की डार्विनने १८५९ साली जे मांडले, ते बुद्धांनी आधीच सांगितले होते. मला ते पटत नाही. उत्क्रांतीत साध्या जीवांपासून गुंतागुंतीचे जीव घडत जातात, तर येथे तेजस्वी सत्त्वांची पायरीपायरीने उतरण होते. विज्ञान म्हणून हे सुत्त वाचले तर ते टिकणार नाही, आणि तसे वाचण्याचे कारणही नाही. वर्ण कोणाच्या मुखातून किंवा पायांतून निघाले नसून सारखीच माणसे वेगवेगळ्या कामांना लागल्याने पडले, हे त्याचे प्रतिपादन आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, ती नेमक्या याच्या उलट सांगण्याबद्दल.

सुत्ताच्या कथेत पुढे, चोऱ्या वाढल्यावर सर्वांनी आपल्यातलाच एक देखणा, समर्थ माणूस निवडला, न्यायनिवाडा त्याच्यावर सोपवला आणि त्याबद्दल तांदळाचा वाटा देऊ केला. कोकणात कुळांकडून पिकाचा वाटा घेणाऱ्या खोताला कोणी निवडलेले नसे. त्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक मांडले, आणि ती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडले.

राहिला पहिल्या माणसाचा प्रश्न. सुत्तात सत्त्वे पुष्कळ आहेत, स्त्री आणि पुरुष हे भेद एकाच टप्प्यावर उमटतात, आणि कोणीही दुसऱ्यापासून घडवलेले नाही. मानवसमाजात प्रथम नाव मिळते ते महासंमताला, म्हणजे तांदळाच्या वाट्यावर नेमलेल्या त्या न्याय करणाऱ्याला.