अनोळखी चॅसी

सर्व्हिस प्रोसेसर मेला तरी सर्व्हर चालू राहतो, आणि म्हणूनच तो मेल्याचं कळायला वेळ लागतो. एका सहकारी बँकेच्या महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये नेमकं हेच झालं होतं. स्पार्क टी४-१ सर्व्हरवर कर्जखात्यांचं काम सुरळीत चाललं होतं. सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू, डेटाबेस चालू, शाखांची काही तक्रार नाही. फक्त आयलॉमचा, म्हणजे सर्व्हिस प्रोसेसरवर चालणाऱ्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा, पिंग लागत नव्हता आणि सिरियल पोर्टवर एक अक्षर उमटत नव्हतं.

सर्व्हिस प्रोसेसर म्हणजे सर्व्हरच्या आतला छोटा स्वतंत्र संगणक. मुख्य मशीन चालू-बंद करणं, तापमानावर नजर ठेवणं, कन्सोल देणं, बिघाडांची नोंद ठेवणं ही त्याची कामं. तो नसला तरी चालू असलेलं मशीन चालत राहतं, पण एकदा बंद झालं की पुन्हा सुरू करणारं कुणी उरत नाही. त्या महिन्यात डेटा सेंटरची वीज एकदा जरी गेली असती, तरी सोमवारी बँकेला कर्जाचा हप्ता भरून घेता आला नसता. आयटी विभागाच्या मॅडमना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्यांनी सर्व्हिस प्रोसेसरचं कार्ड बदलायला मला चौथ्या शनिवारची रात्र काढून दिली.

कार्ड बदलणं हे हाताचं काम. केबल काढायच्या, झाकण उघडायचं, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधायचा, जुनं कार्ड काढून नवं बसवायचं. खरं काम त्याच्या आधी असतं आणि नंतरही. या सर्व्हरचं सिस्टिम फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर, एकाच पॅकेजमधून येतं, पण राहतं दोन ठिकाणी. आयलॉमचा भाग सर्व्हिस प्रोसेसरच्या कार्डावर, आणि पोस्ट (सुरुवातीची स्वयंतपासणी), हायपरव्हायजर (मशीनची वाटणी करणारा थर), ओपनबूट (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा भाग) हा होस्टचा, म्हणजे मुख्य मशीनचा, भाग मदरबोर्डवर. हे दोन भाग एकमेकांना चालणारे हवेत. गोदामातून आलेल्या नव्या कार्डावर त्याचं स्वतःचं फर्मवेअर असतं. ते कुठलं हे कार्ड बसवेपर्यंत कळत नाही, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

म्हणून मशीन बंद करण्याआधी मी सोलारिसमध्ये शिरून ओपनबूटची आवृत्ती लिहून घेतली. सर्व्हिस प्रोसेसर मेलेला असल्यामुळे सिस्टिम फर्मवेअरचा आकडा थेट विचारता येत नव्हता. पण कुठल्या पॅकेजमध्ये कुठलं ओपनबूट आहे हे पॅकेजच्या रीडमीत दिलेलं असतं, त्यामुळे एकावरून दुसरं काढता येतं. मॅडम म्हणाल्या, “आपला डीआरचा, आपत्तीसाठी ठेवलेला सर्व्हर अगदी सेम आहे, त्याचाच आकडा घ्या ना.” मी म्हटलं, “मॅडम, तोही बघू. पण आधी हे मशीन स्वतः काय सांगतंय ते घेऊ.”

दुसरी गोष्ट लॉजिकल डोमेनची, म्हणजे एकाच मशीनचे पाडलेल्या स्वतंत्र भागांची. या मशीनवर बाकीच्यांना सांभाळणाऱ्या कंट्रोल डोमेनखाली दोन गेस्ट डोमेन होते. कुणाला किती कोअर, किती मेमरी, कुठली डिस्क, ही मांडणी सर्व्हिस प्रोसेसरवर साठवलेली असते. कार्ड गेलं की मांडणीही गेली. ज्यांनी हे भोगलंय त्यांना त्याची धास्ती असते, कारण मशीन उठतं ते फॅक्टरी डिफॉल्टमध्ये, सगळे कोअर एकाच डोमेनला देऊन, आणि गेस्टचा पत्ता नसतो. म्हणून सगळ्या डोमेनच्या कन्स्ट्रेंट्स, म्हणजे मांडणीचे तपशील, एक्सएमएल फाइलमध्ये काढल्या आणि एक प्रत लॅपटॉपवर घेतली. मगच शटडाउन.

नवं कार्ड बसलं. वीज जोडण्याआधीच सिरियल केबल लॅपटॉपला लावून ठेवली, ९६०० बॉडच्या वेगावर. हा क्रम मी कधी बदलू देत नाही, कारण पहिला निरोप कन्सोलवरच येतो आणि तो वाचायला कुणीतरी समोर असावं लागतं. वीज दिली, आयलॉम उठू लागलं आणि काही वेळाने स्क्रीनवर इंग्रजीत ओळी आल्या. अर्थ असा, की हे मॉड्यूल अनोळखी किंवा सपोर्ट नसलेल्या चॅसीत (सर्व्हरच्या सांगाड्यात) बसवलेलं आहे, या चॅसीला चालेल अशा नव्या आवृत्तीचं फर्मवेअर चढवा. त्यापुढे काम थांबलं.

माझ्याबरोबर नुकताच रुजू झालेला एक मुलगा होता. त्याचा चेहरा उतरला. “सर, कार्ड चुकीचं पाठवलंय का?” पार्ट नंबर आम्ही दोघांनी बसवण्याआधीच ताडून पाहिला होता. कार्ड बरोबर होतं. त्याचं फर्मवेअर मदरबोर्डवरच्या फर्मवेअरशी जुळत नव्हतं, एवढाच त्या ओळींचा अर्थ. पण त्यातले ‘नव्या आवृत्तीचं’ हे शब्द दिशाभूल करतात. मुलाने लगेच सर्वांत ताजं पॅकेज शोधायला घेतलं. मॅडमनाही ते पटलं, “एवढी रात्र काढलीच आहे तर लेटेस्टच टाकून द्या.”

मी नाही म्हटलं, आणि त्यावर ठाम राहिलो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे की सपोर्ट असलेली कुठलीही आवृत्ती चालते, कार्ड बदलण्याआधी जी होती तीसुद्धा. रात्री कार्ड बदललं, वर फर्मवेअरही पुढे नेलं आणि सकाळी गेस्ट डोमेन रुसलं, तर दोष कार्डाचा की फर्मवेअरचा हे कुणी ठरवायचं? डोमेन मॅनेजर आणि सोलारिसचे पॅचेस जुन्या आवृत्तीबरोबर इतके दिवस नांदले होते. अपग्रेड करायचंच असेल तर ते वेगळं काम, वेगळी परवानगी, वेगळी रात्र. मॅडमनी थोडा विचार केला आणि चेंज फॉर्मवर मीच लिहावं असं सांगितलं. मी लिहिलं, “पूर्वीच्याच आवृत्तीवर आणणे.”

होस्ट उठत नाही म्हटल्यावर सोलारिसमधून फर्मवेअर चढवायचा रस्ता बंद. मग सिरियलवरूनच आयलॉमच्या नेटवर्क पोर्टला स्थिर आयपी दिला, लॅपटॉपवर फाइल पाठवणारा टीएफटीपी सर्व्हर चालू केला आणि मधे एक केबल टाकली. लॅपटॉपची फायरवॉल टीएफटीपीची वाट, यूडीपी ६९ पोर्ट, अडवते, ती मुलाने आठवणीने मोकळी केली. लोडची आज्ञा दिल्यावर आयलॉम विचारतं, नक्की का, आणि कॉन्फिगरेशन राखायचं का. मग काही मिनिटं ते दुसरं काहीच करत नाही. या वेळात कुणीही रॅकच्या मागे जायचं नाही, वीज तर दूरच, साधी केबलही हलवायची नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. शेवटी आयलॉम आपणहून रीसेट झालं आणि लॉगिन प्रॉम्प्ट आला. तो अनोळखी चॅसीचा निरोप पुन्हा आला नाही.

होस्टची माहिती मागवली. सिस्टिम फर्मवेअर, हायपरव्हायजर, ओपनबूट, पोस्ट, चारही ओळी मुलाने मोठ्याने वाचल्या आणि मी वहीतल्या ओपनबूटच्या आकड्यावर बोट ठेवून ऐकलं. आकडा जुळला.

आता आयलॉमचं कॉन्फिगरेशन. त्याचा बॅकअप बँकेने पूर्वी घेऊन ठेवला होता, ही त्यांची शिस्त कौतुकाची. बॅकअप परत भरायचा तो फर्मवेअर जुळल्यावर, आधी नाही. त्यातले पासवर्ड सांकेतिक केलेले असतात आणि उलगडायला पासफ्रेज लागते. ती तिजोरीत होती, लाखेच्या मोहोरेच्या पाकिटात. दोन अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या, पाकीट फोडलं, पासफ्रेज टाकली आणि तिथेच नवं पाकीट मोहोरबंद झालं. सर्व्हिस प्रोसेसरचं घड्याळही लावलं, कारण बिघाडाच्या नोंदीवर चुकीची तारीख पडली तर ती नोंद पुढच्या माणसाला फसवते.

होस्ट सुरू केला. पोस्ट सावकाश चालली, सोलारिस उठलं, आणि अपेक्षेप्रमाणे साठवलेल्या मांडण्यांच्या यादीत फक्त फॅक्टरी डिफॉल्ट. एक्सएमएलवरून आधी कंट्रोल डोमेन पूर्वपदावर आणून रीबूट केला, मग दोन्ही गेस्ट उभे केले. डेटाबेसवाल्यांनी आपल्या तपासण्या पूर्ण केल्या. शेवटी ही मांडणी नव्या कार्डावर नावानिशी जतन केली. ही पायरी राहिली असती तर पुढच्या पॉवर सायकलला सगळं पुन्हा शून्यावर आलं असतं.

निघण्याआधी मॅडमनी डीआरच्या माणसाला फोन लावून तिथल्या त्याच चार ओळी वाचायला सांगितल्या. ‘अगदी सेम’ सर्व्हरचं पॅकेज एक पायरी जुनं निघालं. तो आकडा प्रमाण मानला असता तर आम्ही इथलं मशीन मागे नेलं असतं. मॅडमनी चेंज रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने लिहिले आणि डीआरचं फर्मवेअर बरोबरीला आणण्याचं काम पुढच्या सुट्टीच्या शनिवारी लावलं.