एकाच घरातली दोन मुलं आणि दोन नंबर

माझी मुलगी २०१७ साली पुण्यात जन्मली आणि मुलगा २०२३च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत. दोघांना सगळं सारखं मिळावं म्हणून मी चिक्कीचे तुकडेसुद्धा मोजून करते. आमच्या २०२३च्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमध्ये मात्र मुलांमागे करात मिळणारं क्रेडिट म्हणून मुलाचे २,००० डॉलर आले आणि मुलीचे ५००.

आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत आलो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगी त्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४वर. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा नवऱ्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं, "दोन मुलं ना? मग चार हजार सुटले." त्या चार हजारांत आम्ही मनातल्या मनात सोफा घेऊनसुद्धा टाकला.

मुळात क्रेडिट म्हणजे काय हेच मला उमगायला एक अख्खी संध्याकाळ गेली. आपल्याला सवय भारतातल्या आयकराच्या ८०सी कलमाची. मुलांची ट्यूशन फी त्यात दाखवायची, तेवढं उत्पन्न कमी धरायचं आणि उरलेल्यावर कर काढायचा. म्हणजे हजार रुपये दाखवले तर तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्येही वाचणार तीनशेच्या आसपास. त्याच सवयीने मी सॉफ्टवेअरमध्ये डिडक्शनच्या पानावर मुलांची नावं शोधत बसले होते. ती तिथे नसतातच. चाइल्ड टॅक्स क्रेडिट हे काढून झालेल्या करातून वजा होतं. कर आठ हजार निघाला आणि क्रेडिट दोन हजार असेल, तर भरायचे सहा. ज्यांचा कर क्रेडिटपेक्षाही कमी निघतो त्यांना, कमाईच्या हिशोबाने, उरलेल्यातला काही भाग रोख परत मिळतो. २०२३ साठी त्याची मर्यादा मुलामागे १,६०० डॉलर होती. आमचा कर इतका कमी नव्हता, त्यामुळे शेड्यूल ८८१२ या क्रेडिटच्या फॉर्ममधला तो भाग मी नुसता वाचून पुढे गेले. दुसऱ्या टोकाला, जोडीने रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न चार लाख डॉलरच्या वर गेलं की क्रेडिट कमी होऊ लागतं. तिथेही आमचा काही संबंध नव्हता.

आमचा संबंध आला तो नंबराशी. पूर्ण क्रेडिट हवं असेल तर मुलाचं वय वर्षअखेरीस सतराच्या आत हवं, ते तुमच्यासोबत निम्म्याहून जास्त वर्ष राहिलेलं हवं आणि त्याच्याकडे नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. आठ वर्षांच्या आतल्या पोरांना नोकरीचा नंबर कशाला, असं मी विचारलंही, पण कायदा तसाच आहे. आमच्या मुलाचा या नंबरासाठीचा अर्ज हॉस्पिटलात जन्मनोंदणीच्या कागदांबरोबरच झाला होता. त्याचं नाव घरात नीट रुळायच्या आत कार्ड पोस्टाने दारात आलं. वर्ष संपताना तो जेमतेम अडीच महिन्यांचा होता, तरी वर्षाच्या मधे जन्मलेलं बाळ पूर्ण वर्ष धरलं जातं. ३१ डिसेंबरला जन्मलेलंसुद्धा. मुलगी मात्र वर्षभर इथे राहिली, शाळेत गेली, आणि एच-४वर तिला तो नंबर मिळत नाही.

तिच्यासाठी मग आयटिन. कर भरण्यापुरता दिलेला, ९ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर. त्यावर चाइल्ड टॅक्स क्रेडिट नाही, 'इतर अवलंबितां'चं ५०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, आणि त्यातलं काही रोख परत मिळत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना ज्या रकान्यात धरतात, त्याच रकान्यात माझी सहा वर्षांची पोर.

मला स्वतःलाही आयटिन लागणार होता, कारण तेव्हा मला कामाची परवानगी नव्हती आणि रिटर्न जोडीने भरायचं होतं. अर्ज डब्ल्यू-७ फॉर्मवर करायचा आणि पहिल्या वेळी तो रिटर्नच्या कागदांसकट टेक्सासमध्ये ऑस्टिनला धाडायचा. सोबत मूळ पासपोर्ट. लेकीचा मूळ पासपोर्ट पाकिटात घालून पोस्टात टाकायचा या कल्पनेनेच माझी झोप उडाली. मग कळलं की काही अकाउंटंटना आयआरएसने, म्हणजे इथल्या कर खात्याने, पासपोर्ट बघून खात्री करायचा अधिकार दिलेला असतो. ओळखीतून असे एक काका सापडले. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला, पानं उलटली आणि म्हणाले, "अगं, पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स काय कामाची? व्हिसाचं पान दे, आणि अमेरिकेत आल्याचा शिक्का असलेलं पण." मुलांच्या बाबतीत पासपोर्टवर देशात आल्याची तारीख नसेल तर नुसता पासपोर्ट पुरत नाही, हे मला तिथे समजलं. शिक्का होता. जरा फिकट होता, पण होता.

मार्चमध्ये पाकीट गेलं. त्यानंतर रोज पोस्टाची पेटी उघडायची आणि पिझ्झ्याची कुपनं घेऊन परत यायचं. टॅक्सच्या हंगामात आयटिनला नऊ ते अकरा आठवडे लागू शकतात, असं काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जूनमध्ये नंबर आले.

तेव्हा मी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती: पुढे कधी ग्रीन कार्ड झालं की मुलीला खरा नंबर मिळेल, मग मागची सगळी रिटर्न सुधारून तिचा फरक वसूल करू. काकांनी तीही मोडली. नंबर त्या त्या वर्षीचं रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत मिळालेला असावा लागतो. उशिरा मिळालेल्या नंबरावर जुनी वर्षं मागता येत नाहीत. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग बघता, नंबर येईपर्यंत ती सतराची झालेली असेल हेच जास्त खरं.

२०२५च्या जुलैत कायदा बदलला तेव्हा पुन्हा धडधड. क्रेडिट २,२०० डॉलर झालं, पण आता पालकाकडेही सोशल सिक्युरिटी नंबर हवा. जोडीने भरणाऱ्यांपैकी एकाकडे असला तरी चालतो, हे वाचेपर्यंत माझा चहा गार झाला. नवऱ्याकडे होताच. त्या वर्षाच्या सुरुवातीला मलाही कामाची परवानगी मिळाली होती आणि तिच्याबरोबर नंबरही. जुना आयटिन रद्द करा म्हणून आयआरएसला पत्र लिहिलं.

नोकरी लागली आणि मुलाला डेकेअर लागलं. त्याच्या खर्चावर वेगळं क्रेडिट असतं, फॉर्म २४४१. मी घरी असताना ते आम्हाला मिळालंच नसतं, कारण नवरा-बायको दोघांची कमाई असावी लागते (शिकत असणाऱ्यांसाठी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांसाठी अपवाद आहेत). दोन मुलं असतील तर खर्च ६,००० डॉलरपर्यंत धरतात आणि २०२५ साठी आमच्या उत्पन्नाला त्याचे २० टक्के मिळत होते, म्हणजे १,२००. डेकेअरचं बिल त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं. कंपनीतून पगाराचे ५,००० डॉलर करमुक्त बाजूला काढायची सोय होती, ती आम्हाला जास्त परवडली असती. नावनोंदणीची तारीख आम्ही दोघांनीही विसरून दाखवली. तेवढ्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

फॉर्म भरताना मी मुलीच्या शाळेनंतरच्या केअरच्या आणि उन्हाळ्यातल्या दिवसाच्या कॅम्पच्या पावत्या बाजूला काढल्या. रात्री मुक्कामाचा कॅम्प चालत नाही, गणिताचा क्लासही नाही. पावतीवर संस्थेचा टॅक्स नंबर नव्हता, तो मागून घेतला. मुलाचं नाव आधी लिहिलं. मग दुसऱ्या ओळीत तिचं, आणि तो ९ने सुरू होणारा नंबर टाकून मी सवयीने थांबले, सॉफ्टवेअर आता काय कापतंय ते बघायला. काही कापलं नाही. या फॉर्मला आयटिन चालतो. ३,००० ची मर्यादा ६,००० झाली ती तिच्यामुळेच.