पुरातून आलेले बर्नर

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 45 फूट. माझं शेगडी दुरुस्तीचं दुकान कुपवाडच्या अंगाला, त्यामुळं आमच्याकडं पाणी आलं नाही. पण पूर ओसरला आणि गाळानं भरलेल्या शेगड्या दारात येऊन पडायला लागल्या. घरगुती शेगड्यांचं काही वाटलं नाही. कॉक खोलायचा, जेट म्हणजे गॅस सुटायचं बारीक तोंड साफ करायचं, नळी बदलायची, संपलं.

अण्णांचा टेम्पो आला तो दिवस मात्र वेगळा होता. अण्णा गावभागातले जुने आचारी. त्यांच्या भट्ट्यांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मोठे बर्नर गोदामात पाण्याखाली राहिलेले. गणपती 2 सप्टेंबरला बसणार होते आणि महाप्रसादाच्या ऑर्डरी आधीच घेतलेल्या.

"बाळा, मला हे चार दिवसांत पाहिजेत," अण्णा म्हणाले, "नाहीतर भाड्यानं भट्ट्या आणून माझं दिवाळं वाजंल."

बर्नर हातात घेतले तर अंगावर विटकरी रंगाच्या खपल्या, बोट फिरवलं की गळून पडणाऱ्या. आतली नळी गाळानं गच्च. गाळ सगळ्यात वाईट. तो ओल धरून ठेवतो, त्यामुळं वरून वाळलेलं दिसलं तरी आत गंज चालूच असतो.

अण्णांच्या पोरानं बाथरूमच्या ॲसिडची बाटली सोबत आणली होती. ती मी लगेच बाजूला ठेवली. ते ॲसिड गंजासोबत चांगलं लोखंडही खातं, बिडाच्या बारीक छिद्रांत मुरलं तर धुतल्यावरही निघत नाही, आणि चार दिवसांत पुन्हा गंज. शिवाय त्याचा धूर पत्र्याच्या शेडमध्ये कोण सोसणार?

आधी पितळी जेट काढून वेगळे ठेवले. बर्नरवर तारेचा ब्रश चालवला, खपल्या पाडल्या. नळीत लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश घालून गाळ ओढून काढला. मग उरलेला गंज विजेनं सोडवायला प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. ऋण तार बर्नरला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतो. पाण्यात बारीक बुडबुडे उठायला लागले की काम सुरू झालं समजायचं. त्यात हायड्रोजन असतो, म्हणून टब अंगणात ठेवायचा आणि जवळ विडी ओढू द्यायची नाही. अण्णांचा टेम्पोवाला तिथंच काडी पेटवायला लागला होता, त्याला हाकललं.

ही युक्ती बाहेरच्या अंगाला झकास लागते, नळीच्या आत तेवढी पोचत नाही. तिथं हातच चालवावा लागतो. भोकं तर एकेक करून पिनेनं. मशीनच्या ड्रिलनं झटपट होतात, पण भोक जरा मोठं झालं की जाळ आत शिरतो, फट् करून आवाज येतो आणि बर्नर वाया जातो.

टबातून काढल्यावर बीड राखाडी-काळं दिसतं. ते पाण्यानं धुऊन तसंच ठेवलं तर बघता बघता पुन्हा तांबूस छटा येते. म्हणून लगेच पुसायचं, मंद आचेवर कोरडं करायचं आणि गरम असतानाच सरकीच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. पहिल्यांदा पेटवताना थोडा धूर होतो, होऊ द्यायचा.

एकेक बर्नर हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघत होतो. चांगलं बीड घंटेसारखं खणखणतं. एका बर्नरचा आवाज मात्र बद्द आला. वरून काही दिसेना. म्हणून त्यावर रॉकेल फासलं, कापडानं कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं खडूवर केसासारखी एक ओली रेघ उमटली, नळीच्या मुळापासून कडेपर्यंत.

"ह्याला कुणी तापवून पाणी मारलं काय?" मी विचारलं.

पोरगं म्हणालं, "गाळ निघत नव्हता म्हणून चुलीवर ठेवला. मग बादली ओतली."

तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकणारच.

अण्णांचं म्हणणं, गॅस वेल्डिंगनं शिवून टाक, तुला जमतं. जमत असेल, पण बर्नर म्हणून ते मी करत नाही. बिडाला सांधा नीट धरत नाही, आणि तिथून गळलेला गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. मंडपात पोरंसोरं बसलेली असतात. त्यांना मी ते सांगितलं. अण्णा गप्प बसले, मग म्हणाले, "ठीक आहे, नवा घेतो. पण हा तडकलेला तरी परत दे."

दिला नसता तर भांडले असते, आणि दिला असता तर कुणीतरी पुन्हा बसवला असता. मी त्यांच्यासमोर हातोडी घातली. दोन घावांत तुकडे झाले.

बाकीचे जोडले, साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, हवेची चकती फिरवत पिवळा जाळ निळा केला. अण्णा जाळाकडं बघून हसले, तुकडे पोत्यात भरून घेतले आणि बिलावर बोट ठेवलं, "मोडीचे पैसे वजा कर."

वजा केले.