मसाला न घातलेल्या ग्लासातली लवंग

आमच्याकडे बिअर चाखायची वेळ सकाळी अकराची. लोक हे ऐकून हसतात, पण त्या सुमाराला नाश्ता जिरलेला असतो, जेवणाची भूक नुकती लागत असते आणि नाक-जीभ दोन्ही ताळ्यावर असतात. लोअर परळच्या एका मायक्रोब्रुअरीत मी क्वालिटी बघते. बहुतेक दिवस यीस्ट मोजण्यात आणि टाक्या नीट धुतल्या आहेत का ते तपासण्यात जातात. चाखणं त्यातलं थोडंसंच, पण नातेवाईकांना नेमकं तेवढंच लक्षात राहतं.

डिसेंबरसाठी गव्हाची मसालेदार बिअर काढायची, असं सरांच्या मनात होतं. युरोपात थंडीच्या तोंडावर अशा बिअर निघतात. दालचिनी, लवंग, जायफळ, संत्र्याची साल आणि नेहमीपेक्षा जरा जास्त अल्कोहोल. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही घाम येतो, पण ख्रिसमस आणि थर्टीफर्स्ट काही चुकत नाहीत.

मसाला आणायला मी स्वतः लालबागला गेले. उन्हाळ्यात मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. या दिवसांत दुकानदार लवंग नखाने दाबून तेल सुटतंय का ते दाखवण्याइतका निवांत असतो. संत्री नागपुरी, नुकती बाजारात आलेली. साल अगदी वरवरची सोलायची, पांढरा भाग आला की बिअर कडवट होते. धणे आपले लांबट. मोरोक्कोच्या गोल धण्यांपेक्षा त्यांना लिंबाचा वास जास्त, म्हणून गव्हाच्या बिअरला ते छान लागतात. धणे आणि संत्र्याची साल ही बेल्जियमची जुनी जोडी. तिथल्या हूगार्डन गावात अशी गव्हाची बिअर बंदच पडली होती, ती पिएर सेलिस यांनी 1966 साली पुन्हा सुरू केली.

आमची बिअर मात्र बेल्जियमच्या नव्हे, दक्षिण जर्मनीच्या यीस्टवर होती, आणि पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

एकाच टाकीतल्या बिअरचे तीन नमुने केले. पहिला साधा. दुसऱ्यात मसाल्यांचा अर्क बेताने, तिसऱ्यात सढळ हाताने. अर्क म्हणजे व्होडकात भिजवून गाळलेले मसाले. ते पिपेटने मोजून घालता येतात, अख्खी बॅच पणाला लागत नाही. ग्लासांवर फक्त तीन आकडी नंबर. पॅनेलवर सेलरचे, म्हणजे टाक्या सांभाळणारे काका, अकाउंट्सच्या ताई, बारचा मॅनेजर आणि सेल्सची दोन मुलं. आधी तासभर चहा, तंबाखू, अत्तर बंद. मध्ये खायला कोरा पाव. वाइनवाले थुंकतात, आम्ही गिळतो, कारण बिअरचा कडवटपणा घशाच्या मागे कळतो. (म्हणून घोट लहान ठेवावे लागतात. सेल्सच्या मुलांना हे दरवेळी सांगावं लागतं.)

कागदावर एक प्रश्न होता: लवंग किती जाणवते? शून्य ते पाच.

कागद गोळा करून नंबर उलगडले, तर लवंगेला सगळ्यांत जास्त गुण साध्या ग्लासाला! ज्यात मसाल्याचा थेंबही नव्हता. बेताने मसाला घातलेल्या ग्लासात दालचिनी आणि संत्र्याने लवंग झाकून टाकली होती. तिसऱ्यासमोर ताईंनी लिहिलं होतं, ‘दातदुखीचं तेल’. काकांनी जायफळापुढे नुसतं ‘पुरणपोळी’ लिहून ठेवलं होतं. ते काही कौतुक नव्हतं. पुढ्यात पुरणपोळी नसताना तिचा वास येणं त्यांना पटलं नव्हतं.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ग्लास अदलाबदल केलेत. पण हे यीस्टचंच काम होतं. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, हे यीस्ट त्यापासून फोर-व्हिनाइल ग्वायाकोल तयार करतं आणि त्याला लवंगेचा वास येतो. खऱ्या लवंगेतलं युजेनॉल त्याचंच जवळचं भावंड, पण जास्त झालं की जीभ बधिर करणारं. तेच यीस्ट केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल अ‍ॅसिटेटही बनवतं. म्हणजे लवंग आम्ही विकत आणत होतो आणि ती टाकीत फुकट तयार होत होती.

सर लगेच मानले नाहीत. म्हणाले, ग्लास फार थंड आहेत, मसाला दबलाय. मुद्दा रास्त होता. चार अंशांवर निम्मा वास वर येतच नाही. दहा अंशांपर्यंत येऊ दिले आणि पुन्हा फिरवले. साधा ग्लास आणखी खुलला. दुसऱ्यातली दालचिनी छान पुढे आली. तिसरा ताईंनी हातातही घेतला नाही.

मग वाद लवंगेवरून तपमानावर गेला, आणि तिथे मला खरी मजा आली. लवंग वाढवायची तर ती मॅशमध्येच, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजत असतानाच वाढवता येते: धान्य पंचेचाळीस अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं थांबवलं की फेरुलिक आम्ल जास्त सुटतं. पुढे फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी) अठराच्या आसपास ठेवला तर केळं मागे राहतं. बावीसच्या वर गेलात तर केळंच केळं. काकांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनी आधीच चिलरचा तक्ता काढला होता. त्यांची अट एकच, या वेळी भाताचं तूस जास्त मागवा. गव्हाच्या माल्टला (मोड आणून वाळवलेल्या गव्हाला) टरफल नसतं, मॅश चिखलासारखा बसतो आणि गाळायला त्यांचा अख्खा दिवस जातो.

लवंग आणि जायफळ यादीतून गेले. धणे आणि संत्रं राहिलं, दालचिनी अर्ध्यावर आली. मेनूकार्ड मात्र लवंगेच्या चित्रासकट छापायला गेलं होतं. बारच्या मॅनेजरचं म्हणणं, चव आहे ना, मग चित्र राहू दे. माझं म्हणणं, जे घातलंच नाही त्याचं चित्र छापायचं नाही. सरांनी प्रेसला फोन लावून छपाई थांबवली आणि चित्रात संत्रं टाकायला सांगितलं, तेव्हा दीड वाजला होता आणि मॅनेजर अजून माझ्याशी बोलत नव्हता.