काठावरचा हात

पावसाळ्यात साताऱ्यात पापड वाळत नाहीत, तिथे फिल्म काय वाळणार! तरी मी दर महिन्याला एक रोल धुतोच. रंगीत रोल कुरिअरने मुंबईला जातो, काळा-पांढरा मात्र घरच्या न्हाणीघरात. गरम पाण्याची बादली सोडून आधी वाफ करायची म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग डेव्हलपर 20 अंशांवर आणायचा, डबी हळूहळू उलटीपालटी करायची, आणि शेवटी साडीच्या दोरीवर दोन चिमट्यांनी फिल्म टांगायची. तेवढ्यात कुणाला आंघोळ आठवली की भांडण ठरलेलं.

कॅमेरा बाबांचाच, याशिका. साताऱ्याच्या टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी उभं राहून धुक्यातलं शहर टिपायचं म्हटलं तर एका दाबाला चहा-वड्याहून जास्त पैसे जातात, त्यामुळे हात आखडतो. मोबाइलवर मी ढगाचे चाळीस फोटो काढतो. रोलवर एकच, तोही पुष्कळदा हललेला.

खरा वेळ खातं ते स्कॅनिंग. निगेटिव्हवर बसलेला धुळीचा कण सुलट चित्रात पांढरा ठिपका होऊन येतो, आणि नेमका माणसाच्या नाकावर येतो. रंगीत फिल्मची धूळ स्कॅनर इन्फ्रारेडने हेरून पुसतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडलाच अडवते, म्हणून तिथे ब्लोअर, मऊ ब्रश आणि आपली मान. माझी तक्रार नाही. रात्री सगळे झोपल्यावर ठिपके पुसत बसण्यात निवडणं-टिपणं केल्यासारखं सुख आहे.

गेल्या महिन्यात नवा रोल नव्हता, म्हणून बाबांची जुनी पाकिटं काढली. एकावर त्यांच्या अक्षरात, ‘माहुली, 12-4-88’. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. लग्नानंतरचा आईचा पहिला फोटो बाबांनी नेमका तिथे काढला. शेजारी आत्या. “इतकी देवळं होती, तुझ्या बाबाला कुत्रंच सापडलं,” हे मी जन्मापासून ऐकतोय.

निगेटिव्हची नारिंगी पट्टी स्कॅनरच्या काचेवर ठेवली, 2400 डीपीआय, म्हणजे इंचाला 2400 ठिपके, लावलं. एवढ्यावरही 36 बाय 24 मिलिमीटरच्या तुकड्याचे सुमारे 77 लाख ठिपके होतात. स्कॅनर आपल्या मनाने चौकट आखतो ती बंद करून काळ्या कडेपर्यंत पूर्ण फ्रेम घेतली. अल्बममधली कॉपी पोस्टकार्ड साइजची, पाच बाय साडेतीन इंचांची. त्या मापात बसवताना फ्रेमच्या लांबीतले दोनेक मिलिमीटर छाटले जातातच. आपल्या घरांतले निम्मे अल्बम असे कडा गमावलेले आहेत.

डाव्या कडेला एक छत्री होती. उन्हाची, आईच्या डोक्यावर धरलेली. छत्री धरणारा माणूस फ्रेमबाहेर, पण हात आत. उजवा हात, आणि त्यावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात उजव्या हातात घड्याळ घालणारा एकच माणूस, मामा. आणि मामा त्या एप्रिलात कराडला बीकॉमची परीक्षा देत होता. एका पेपरच्या दिवशी ताप चढला, वर्ष गेलं, आजोबा सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत, ही आमच्याकडची प्रसिद्ध गोष्ट.

आईला लॅपटॉपवर दाखवलं. तिने चष्मा लावला, बघितलं, काढून ठेवला. “असेल घाटावरचं कुणीतरी.”

“घाटावरचं कुणीतरी तुझ्या डोक्यावर छत्री धरेल?”

“पूर्वी माणसं चांगली होती,” म्हणाली, आणि न लावलेला कुकर बघायला गेली. बाबा वर्तमानपत्राआड हसत होते. कागद हलत होता.

मग मामालाच फोटो पाठवला, हातापुरता मोठा करून. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर नाही. रात्री फोन आला. आधी पाऊसपाणी विचारलं, धरण किती भरलं ते विचारलं. आवाज खाली आणून म्हणाला, “काय रे, ती कड कापून टाकता येते ना? आधी होती तशीच?”

“येते की.”

“मग टाक. आणि आत्याला पाठवू नको.”

आत्याला मी दुपारीच पाठवला होता.